शहरातली वाहतूक: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि जरा लांबलेली उत्तरं

माझं काम वाहतूक नियोजनाचं आहे हे कळलं की समोरचा पाच मिनिटांत यातला एखादा प्रश्न विचारतोच, एकदा तर डेंटिस्टने विचारला, माझं तोंड उघडं असताना. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम असा काही नाही, जसं आठवलं तसं.

प्र. रस्ता रुंद केला की ट्रॅफिक सुटतं ना?

सुटतं. काही महिने. मग परत तेच. अमेरिकेत ह्यूस्टनला कॅटी फ्रीवे नावाचा रस्ता आहे, २००८ मध्ये त्याचं रुंदीकरण पूर्ण झालं, बाजूचे सर्व्हिस रोड धरले तर काही ठिकाणी २६ लेन होतात. सव्वीस! आणि थोड्या वर्षांत गर्दीच्या वेळेचा प्रवास पुन्हा लांबला, काही पट्ट्यांत तर आधीपेक्षाही जास्त.

कारण अगदी साधं आहे. रस्ता जाम असतो तेव्हा बरेच लोक त्याच्यापासून लांब असतात, कुणी सकाळी लवकर निघतं, कुणी लांबच्या रस्त्याने जातं, कुणी ट्रेन पकडतं, कुणी म्हणतं जाऊ दे आज नको. रस्ता मोकळा झाला की ही सगळी मंडळी परत येतात, आणि त्यात पुढे लोक घरंही लांब घ्यायला लागतात कारण आता पोचता येतं. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हे १९६२ मध्येच मांडलं होतं. पुढे २०११ मध्ये ड्युरांटन आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली तेव्हा हायवेची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचे किलोमीटर वाढतात असं दिसलं.

याचा अर्थ रस्ते बांधूच नयेत असा नाही हां. जिथे नदीवर पूलच नाही किंवा नव्या वस्तीला जायला एकच बोळ आहे तिथे रस्ता हवाच. फक्त "ट्रॅफिक कमी होईल" हे कारण देऊन बांधू नका.

प्र. आणि फ्लायओव्हर?

या चौकातली रांग उचलून पुढच्या चौकात नेऊन ठेवतो.

प्र. पण उलटं कसं शक्य आहे, रस्ता काढून टाकला तर गोंधळ नाही होणार?

व्हायलाच हवा असं वाटतं, पण बऱ्याचदा होत नाही. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की प्रत्येक जण आपापला कमीत कमी वेळाचा मार्ग निवडत असेल तर जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो. म्हणजे कुणीच मूर्खपणा केलेला नाही, तरी सगळे उशिरा. तेच उलटं फिरवा, की काही रस्ते काढल्याने फायदा होऊ शकतो हे कळतं.

दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये चोंगेचोन नावाचा ओढा बुजवून त्याच्यावर एलिव्हेटेड एक्स्प्रेसवे बांधलेला होता. २००३ मध्ये तो पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तिथे परत वाहतं पाणी आणि चालायची जागा झाली. शहर काही बंद पडलं नाही. हे उदाहरण सगळे देतात, फोटोही छान आहेत, पण त्याचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. मधल्या काळात, जुलै २००४ ला, सोलने सगळी बस व्यवस्था नव्याने लावली, रस्त्याच्या मधोमध बस लेन, रूटप्रमाणे बसचे रंग, एकच कार्ड, आणि खाजगी बसवाल्यांना प्रवासी किती भरले यावर नाही तर किलोमीटर किती चालवले यावर पैसे. त्यामुळे थांब्यावर प्रवासी पळवापळवी करायचं कारणच उरलं नाही. नुसता रस्ता पाडला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं.

प्र. ट्रॅफिक मोजतात म्हणजे नक्की काय मोजतात?

बहुतेक ठिकाणी गाड्या मोजतात, आणि माझ्या मते सगळी गडबड इथेच सुरू होते. मोजायची माणसं.

सोपा हिशेब करू. सिग्नल सलग तासभर हिरवा राहिला तर एका लेनमधून साधारण १८०० कार जातील. पण हिरवा असतो अर्धाच वेळ, म्हणजे ९००. एका कारमध्ये सरासरी दीड माणूस धरा, झाले १३५०. आता तीच लेन बसला द्या, दर मिनिटाला एक बस, प्रत्येकीत ६० माणसं, झाले ३६००. आणि गंमत बघा, बसची लेन मिनिटातली पन्नास सेकंद रिकामी दिसते! शेजारी जाममध्ये बसलेला माणूस चिडून फोटो काढतो की बघा एवढी जागा वाया घालवली. रिकामी दिसणारी लेन जवळजवळ तिप्पट माणसं नेत असते हे त्याला खिडकीतून दिसतच नाही.

प्र. मेट्रो चांगली, बीआरटी, ट्राम की साधी बस?

हा प्रश्न "चमचा चांगला की सुरी" असा आहे. त्या मार्गावर एका दिशेने, गर्दीच्या तासाला, किती माणसं जाणार हे आधी सांगा, मग बोलू.

१५०० माणसं मावणारी मेट्रो दर दोन मिनिटांनी सोडली तर तासाला ४५ हजार. ७० माणसांची साधी बस मिनिटाला एक सोडली तर ४२००. मधली मोठी जागा ट्राम आणि बीआरटीची, बीआरटी म्हणजे स्वतःची वेगळी लेन आणि स्टेशनं असलेली जलद बस. ब्राझीलच्या कुरिचिबाने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्ग ठेवले, जैमी लर्नर तेव्हा महापौर होते. २००० च्या डिसेंबरमध्ये कोलंबियाच्या बोगोटाने ट्रान्समिलेनियो नावाची बीआरटी सुरू करून तेच आणखी ताणलं, स्टेशनवर बसला बस ओव्हरटेक करता येईल अशी जादा लेन ठेवली, आणि तासाला एका दिशेने चाळीस हजारांच्या वर माणसं बसने नेऊन दाखवली. मग त्या बस इतक्या गच्च व्हायला लागल्या की लोक वैतागले, तो भाग वेगळा. आता तिथे मेट्रोचंही काम चाललंय.

बीआरटी फसते ती बहुतेक वेळा अर्धवट केल्यामुळे. लेन आहे पण नेमक्या चौकात गायब, स्टेशन आहे पण तिकीट बसमध्येच फाडायचं, बसची पायरी वर आणि प्लॅटफॉर्म खाली. एकेका प्रवाशाला चढायला तीन-चार सेकंद जास्त लागले आणि थांब्यावर वीस जण असले की मिनिटभर गेलाच, मग लेन कितीही मोकळी असो. नाव बीआरटी, चाल साध्या बसची.

प्र. बोर्डावर "दर १० मिनिटांनी" लिहिलंय, मी २० मिनिटं उभा होतो आणि मग दोन एकदम आल्या. हे मुद्दाम करतात का?

नाही हो. शिव्या ड्रायव्हरला बसतात पण हे गणित आहे. समजा एक बस जरा उशिरा झाली. मग पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त लोक जमलेले असतात, त्यांना चढायला जास्त वेळ, म्हणून ती अजून उशिरा. तिच्या मागच्या बसला मात्र कमी लोक मिळतात, ती पटपट निघते, आणि शेवटी पुढचीला गाठते. पुढची गच्च, मागची रिकामी. हे आपोआप होतं, म्हणजे आपोआप बिघडतं, पण आपोआप सुधरत मात्र नाही.

आणि यात प्रवाशाचं नुकसान डबल आहे. दर १० मिनिटांनी नीट बस आली तर सरासरी वाट ५ मिनिटं. त्याच बस जोडीजोडीने २० मिनिटांनी आल्या तर सरासरी वाट १० मिनिटं. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, पगार तेवढाच, वाट दुप्पट. त्यात ऑफिसचा रिपोर्ट म्हणतो "सर्व फेऱ्या पूर्ण".

उपाय आहेत: कंट्रोल रूममधून दोन बसमधल्या अंतरावर लक्ष ठेवायचं, पुढे पळणाऱ्या बसला ठरलेल्या थांब्यावर मिनिटभर थांबवायचं, सगळ्या दारांतून चढू द्यायचं, आणि रूटच्या शेवटी जरा सवडीचा वेळ ठेवायचा म्हणजे एका फेरीचा उशीर दुसऱ्या फेरीत जात नाही. वेळापत्रकवाले नेमका तोच सवडीचा वेळ "बस नुसती उभी आहे" म्हणून कापतात.

प्र. बस लेनने प्रवाशांचा वेळ वाचेल ते ठीक, पण पैसे कुठे वाचतात?

हा माझा आवडता प्रश्न आहे. एका रूटची जाऊन-येऊन फेरी ६० मिनिटांची आहे आणि दर १० मिनिटांनी बस हवी, तर बस लागतात ६. ट्रॅफिक वाढलं, फेरी ८० मिनिटांची झाली, आता त्याच सर्व्हिसला ८ बस लागतात. दोन बस, त्यांचे ड्रायव्हर, मेंटेनन्स सगळं वाढलं आणि प्रवाशाला एक फेरीही जास्त मिळाली नाही. जादा बस नसतील तर मग १० ची १३ मिनिटं होतात, लोक कंटाळून गाडी घेतात, ट्रॅफिक आणखी वाढतं, फेरी ९० वर. म्हणून मी म्हणतो बसचा वेग हा डेपोचा नाही, रस्त्याचा प्रश्न आहे. लेन दिली, सिग्नलला बसला आधी सोडलं, की आहे त्याच ताफ्यात फेऱ्या वाढतात.

झुरिकने हेच केलं. १९७३ मध्ये तिथल्या मतदारांनी भुयारी मेट्रोचा प्रस्ताव फेटाळला, आणि १९७७ मध्ये ट्राम आणि बसला रस्त्यावर प्राधान्य द्यायच्या खर्चाला मंजुरी दिली. ट्राम जवळ आली की सिग्नलला कळतं. आज त्या ट्रामवर लोक घड्याळ लावतात म्हटलं तरी चालेल.

प्र. आधी घरापासून ऑफिसपर्यंत एकच बस होती, आता बदलावी लागते. ही सुधारणा का?

तुमचा राग खरा आहे. पण प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी थेट बस द्यायची तर रूट होतात शंभर आणि प्रत्येकावर तासाला एक बस. त्यापेक्षा वीस रूट सरळ रेषेत, दर पाच-सात मिनिटांनी, आणि मध्ये एकदा बदल, तर एकूण वेळ बहुतेकांचा कमीच होतो. अट एकच, बदलायला रस्ता ओलांडून अर्धा किलोमीटर चालावं लागू नये आणि दुसरं तिकीट काढावं लागू नये. या दोन गोष्टी न करता नुसते रूट तोडले तर तुमचा राग शंभर टक्के बरोबर.

प्र. मग असं नवं जाळं एका दिवसात सुरू करावं की हळूहळू?

दोन्ही बाजूंनी उदाहरणं आहेत. चिलीच्या सान्तियागोने फेब्रुवारी २००७ मध्ये ट्रान्सान्तियागो नावाचं नवं बस जाळं एका दिवसात सुरू केलं आणि अक्षरशः हाहाकार झाला. बस कमी पडल्या, बस लेन आणि थांबे तयार नव्हते, नियंत्रणाची यंत्रणा चालत नव्हती, सगळे लोक मेट्रोत घुसले, आणि राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशलेट यांना जनतेची माफी मागावी लागली. उलट ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये रातोरात जवळपास सगळं बस नेटवर्क बदललं आणि ते बऱ्यापैकी सुरळीत गेलं (हो, तेच २६ लेनवालं शहर, एकाच गावात दोन्ही धडे). म्हणजे एका दिवसात बदलणं हा गुन्हा नाही, तयारीशिवाय बदलणं आहे.

प्र. बस फुकट केली तर लोक गाड्या सोडतील का?

फारसे नाही. एस्टोनियाच्या टालिनने २०१३ पासून शहरातल्या रहिवाशांना प्रवास मोफत केला, लक्झेंबर्गने मार्च २०२० पासून देशभर केला. गरिबांना, म्हाताऱ्यांना, नोकरी शोधणाऱ्यांना फायदा नक्की होतो आणि ते कारण पुरेसं आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण टालिनमध्ये नवे प्रवासी आले ते बरेचसे आधी चालत जाणारे. गाडीवाल्याला तिकिटाचा त्रास नव्हताच कधी, त्याला वाट बघण्याचा त्रास होता. तेच पैसे फेऱ्यांवर घातले तर तो कदाचित येईल.

प्र. सार्वजनिक वाहतूक नेहमी तोट्यात का?

फुटपाथ तोट्यात आहे का कधी विचारलंत? रस्त्यावरचे दिवे? बसचंच ताळेबंद लोक मागतात. जगात बहुतेक शहरांत तिकिटातून पूर्ण खर्च निघत नाही, उरलेला कुठून आणायचा हा खरा प्रश्न आहे. हाँगकाँगची मेट्रो स्टेशनच्या वरची आणि आजूबाजूची जमीन विकसित करून कमावते, म्हणजे मेट्रोमुळे वाढलेली जमिनीची किंमत मेट्रोकडेच येते. पॅरिस भागात १९७१ पासून कंपन्यांकडून पगारावर वाहतुकीचा कर घेतात, कारण कामगार वेळेवर पोचण्याचा फायदा कंपनीलाच होतो. दोन्हींत तर्क एकच, ज्याला फायदा त्याने थोडं द्या.

प्र. गाडी शहरात आणायला पैसे घेणं हा अन्याय नाही का?

आवडत नाही कुणालाच, सुरुवातीला. सिंगापूरने १९७५ मध्ये सुरू केलं, तेव्हा काचेवर कागदी परवाना चिकटवायचा आणि नाक्यावर माणूस उभा राहून बघायचा, १९९८ पासून इलेक्ट्रॉनिक. लंडन २००३. न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये सुरू केलं.

पण बघण्यासारखी गोष्ट स्टॉकहोमची आहे. तिथे लोकांचा विरोध होता म्हणून २००६ मध्ये जानेवारी ते जुलै असा सात महिन्यांचा नुसता प्रयोग केला. शुल्काची हद्द ओलांडणाऱ्या गाड्या साधारण २० टक्क्यांनी कमी झाल्या. मग प्रयोग संपला, शुल्क बंद, आणि बरीचशी गर्दी परत आली. लोकांनी शुल्क असतानाचं आणि नसतानाचं शहर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि सप्टेंबरमध्ये शहराने थोड्या फरकाने का होईना हो म्हटलं. २००७ पासून कायम. राजकारण्यांना माझा फुकटचा सल्ला असतो, मत आधी मागू नका, आधी दाखवा. पण आणखी एक, स्टॉकहोमने प्रयोगाच्या आधीच जादा बस सुरू केल्या होत्या. पर्याय न देता पैसे घेतले तर अन्याय म्हणणाऱ्याचं बरोबर आहे.

प्र. पार्किंग वाढवलं तर गाड्या रस्त्यावरून हटतील?

पार्किंग जितकं जास्त आणि स्वस्त तितक्या गाड्या जास्त, रस्ता रुंद करण्याचाच हा धाकटा भाऊ. डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, आयुष्यभर पार्किंगचाच अभ्यास केला, त्यांचं म्हणणं असं की रस्त्यावरच्या पार्किंगचा दर इतका ठेवा की साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील, म्हणजे प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरी जागा रिकामी सापडेल आणि लोक जागा शोधत चकरा मारणार नाहीत. गर्दीच्या गल्लीत दर जास्त, मागच्या गल्लीत कमी. जपानची पद्धत वेगळी, १९६२ च्या कायद्यापासून तिथे गाडी ठेवायला जागा आहे याचा दाखला दिल्याशिवाय गाडी नोंदवता येत नाही. गाडी तुमची, मग जागाही तुमची.

प्र. सिग्नलची वेळ वाढवली तर जास्त गाड्या सुटतील ना?

थोड्या सुटतील. दर वेळी हिरवा बदलताना तीन-चार सेकंद वाया जातात, चार फेज (म्हणजे आळीपाळीने सोडायच्या चार पाळ्या) असतील तर एका चक्रात, म्हणजे सगळ्यांची पाळी एकदा होईपर्यंत, सोळा. ६० सेकंदांच्या चक्रात हा चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळ, १२० च्या चक्रात १३ टक्के. म्हणून इंजिनीयर चक्र लांबवतात. पण लांब चक्रात रांगाही लांब होतात, मागच्या चौकापर्यंत पोचतात, आणि पायी माणूस दोन मिनिटं लाल बघत उभा राहत नाही, तो मधेच घुसतो. तो बेशिस्त आहे म्हणायचं आपण, पण दोन मिनिटं उन्हात तुम्ही उभे राहून दाखवा. फेज कमी करणं हा जास्त चांगला उपाय, एखादं वळण बंद केलं की अख्खा चौक सुटतो.

प्र. ३० ची स्पीड लिमिट म्हणजे बैलगाडीच की. त्याने काय होतं?

ब्रेककडे पाय जायला एक सेकंद लागतो असं धरा. ३० च्या वेगाने जाणारी गाडी माणूस दिसल्यापासून साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० च्या वेगाने जाणारी गाडी त्या पहिल्या सेकंदातच १४ मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबलेली आहे तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही, ती पूर्ण ५० ने आदळते. स्वीडनने १९९७ मध्ये "रस्त्यावर एकही मृत्यू मान्य नाही" हे धोरण संसदेत मंजूर केलं, आणि ऑस्लोने २०१९ या वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार दगावू दिला नाही. आणि शहरात तुमचा सरासरी वेग तसाही पंचवीसच्या खालीच असतो, वेळ चौकात जातो.

प्र. मेट्रोच्या प्रवाशांचे अंदाज नेहमी चुकतात का?

चुकतात, आणि एकाच बाजूला चुकतात हे महत्त्वाचं. मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास करणारे संशोधक बेंट फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतले प्रकल्प तपासले, रेल्वे प्रकल्पांचा खर्च सरासरी ४५ टक्क्यांनी वाढलेला आणि प्रवासी मात्र अंदाजाच्या निम्मेच. चूक प्रामाणिक असती तर कधी इकडे कधी तिकडे झाली असती. आकडा मंजुरीसाठी लागतो म्हटल्यावर आकडा सापडतोच.

प्र. इलेक्ट्रिक बस आल्या की प्रश्न मिटला?

धुराचा मिटला. चीनच्या शेनझेनने २०१७ पर्यंत आपल्या सगळ्या, म्हणजे सोळा हजारांच्या आसपास, बस इलेक्ट्रिक केल्या, त्यामुळे जमत नाही असं म्हणायला आता जागा नाही. पण जाममध्ये अडकलेली इलेक्ट्रिक बस जाममध्येच असते, शांतपणे. आणि आधी डेपोची वीजजोडणी बघा मग बसची ऑर्डर द्या, क्रम उलटा झाला की बस येऊन उभ्या राहतात.

प्र. सगळं एकाच संस्थेकडे का देत नाहीत?

दिलंय काही ठिकाणी. हॅम्बुर्गने १९६५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांना एका वेळापत्रकात आणि एका तिकिटात बांधलं. सिंगापूरमध्ये १९९५ पासून आणि लंडनमध्ये २००० पासून रस्ते आणि सार्वजनिक वाहतूक एका छताखाली आहे. जिथे सिग्नल एकाकडे, बस दुसऱ्याकडे, फुटपाथ तिसऱ्याकडे, मेट्रो चौथ्याकडे, तिथे मेट्रो स्टेशनच्या दारात बसचा थांबा नसतो, आणि तो का नाही हे विचारायला गेलात तर चौघेही खरोखर सांगतात की ते आमच्याकडे येत नाही.

प्र. आम्ही सामान्य लोकांनी काय करायचं?

तक्रार करताना आकडे घेऊन जा. आपल्या थांब्यावर कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी एक तास उभे राहा, वहीत तीन रकाने करा: बस कोणती, किती वाजता आली, आत जागा होती का. हेच तीन-चार वेगवेगळ्या दिवशी करा, सुट्टीच्या आसपासचा दिवस आणि मुसळधार पावसाचा दिवस सोडून. दुसरा एक जण चौकात उभा राहून दहा मिनिटं गाड्या नाही, माणसं मोजू दे. "बस वेळेवर येत नाही" या अर्जाला उत्तर "नोंद घेतली" असं येतं, पण "८:१० ते ८:४५ एकही बस नाही, मग ८:४५ आणि ८:४६ ला दोन" असं चार दिवसांचं लिहून दिलं की समोरच्याला रजिस्टर उघडावं लागतं.